मेल खऱ्या पत्त्यावरूनच आलाय, मग फसवा कसा?

३१ ऑक्टोबर २०२५ ही तारीख बहुतेक बँक ग्राहकांच्या लक्षातही आली नसेल. देशातल्या बँकांनी तोपर्यंत आपल्या वेबसाइट ‘.बँक.इन’ या डोमेनवर हलवाव्यात, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. फेब्रुवारीच्या पतधोरणात घोषणा झाली, २२ एप्रिलला परिपत्रक निघालं आणि पुढे सहा महिन्यांची मुदत मिळाली. म्हणून आता स्टेट बँकेची साइट उघडली की ब्राउझरच्या वरच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत ‘एसबीआय.बँक.इन’ असं दिसतं. हे डोमेन कुणालाही कार्ड स्वाइप करून विकत घेता येत नाही. ते हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडूनच मिळतं, आणि फक्त बँकांना.

मेलच्या बाजूनेही गेल्या दोन वर्षांत बरंच काही झालं. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून अट घातली: मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून निघालाय हे तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करा, नाहीतर तो पोचेल याची खात्री नाही. याहूनेही तेव्हाच तशाच अटी आणल्या. मायक्रोसॉफ्टने आउटलुक आणि हॉटमेलसाठी तसाच नियम ५ मे २०२५ पासून लागू केला.

ही सगळी पावलं चांगली आहेत, आणि खरं तर दहा वर्षं उशिरा पडली आहेत. पण त्यातून ‘चला, आता बनावट मेलची कटकट संपली’ असा समज होत असेल तर तो घातक आहे. खोटा पत्ता लिहिणं अवघड होत गेलं, तसा चोरांना तुमचा खरा पत्ता जास्त हवासा वाटू लागला. आणि तो मिळवायचा रस्ता जातो तुमच्या कॉम्प्युटरमधून. त्यामुळे मेलचा पत्ता बनावट असणं आणि कॉम्प्युटरला व्हायरस लागणं, हे आपण दोन वेगळे विषय समजतो, ते आज एकाच धंद्याचे दोन भाग झालेत.

पाकीट आणि लेटरहेड

‘स्पूफिंग’ला मराठीत चांगला शब्द आधीपासून आहे: तोतयागिरी. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा त्याला खरा मानणारे लोक थोडेथोडके नव्हते. मेलमधला तोतया मात्र त्याच्यापेक्षा फार आळशी असतो, कारण त्याला वेश बदलायचीही गरज पडत नाही. फक्त नाव लिहायचं.

असं का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जायची जी पद्धत आहे, ती एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढली. तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. कोण खोटं नाव लिहील, हा प्रश्न कुणाला फारसा पडला नव्हता. त्यामुळे पाठवणाऱ्याने ‘मी अमुक’ म्हटलं की समोरचा सर्व्हर ते मान्य करून मोकळा.

पोस्टाच्या पाकिटाचं उदाहरण इथे फिट बसतं. पाकिटावर कोपऱ्यात ‘प्रेषक’ लिहिलेला असतो. आतल्या कागदावर वेगळं लेटरहेड असतं. मेललाही असे दोन पत्ते असतात: एक पाकिटावरचा, जो सर्व्हर आपसात बोलतात तेव्हा वापरतात, आणि एक लेटरहेडवरचा, म्हणजे तुम्हाला स्क्रीनवर ‘फ्रॉम’ म्हणून दिसतो तो. हे दोन्ही सारखे असलेच पाहिजेत, असं मूळ पद्धतीत कुठेही नाही. आणि माणूस बघतो फक्त लेटरहेड.

यावर तीन उपाय टप्प्याटप्प्याने आले. पहिला एसपीएफ. यात डोमेनचा मालक जाहीर यादी लावतो, की माझ्या नावाने मेल पाठवायची परवानगी फक्त या या सर्व्हरना आहे. गोम अशी, की एसपीएफ तपासतं पाकिटावरचं नाव. चोराने पाकिटावर स्वतःचं, रीतसर विकत घेतलेलं डोमेन लिहिलं आणि आत तुमच्या बँकेचं लेटरहेड घातलं, तर एसपीएफच्या दृष्टीने सगळं ठीक! दुसरा डीकेआयएम. हा पत्रावरच्या लाखेच्या मोहोरेसारखा. मजकूर वाटेत बदलला तर मोहोर तुटते. पण मोहोर कुणाची आहे आणि लेटरहेड कुणाचं, याची सांगड तोही घालत नाही.

ती सांगड घालतो डीमार्क. पाकीट किंवा मोहोर, यातलं किमान एक तरी ‘फ्रॉम’मध्ये दिसणाऱ्या डोमेनशी जुळलंच पाहिजे, असं तो म्हणतो. आणि नाही जुळलं तर काय करायचं, हे डोमेनचा मालकच सांगून ठेवतो. तीन पर्याय असतात: काहीच करू नका, स्पॅममध्ये टाका, किंवा दारातूनच परत पाठवा. यातल्या पहिल्याला ‘नन’ म्हणतात, तिसऱ्याला ‘रिजेक्ट’.

खरी मेख या पहिल्या पर्यायात आहे. गूगलची अट पूर्ण करायला ‘नन’सुद्धा चालतं. मग अनेकजण नेमकं तेवढंच करतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमन ठेवायचा, त्याने येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाचं नाव वहीत लिहायचं आणि गेट मात्र उघडंच ठेवायचं, असा हा प्रकार. कागदावर डीमार्क आहे, प्रत्यक्षात तोतया आत आलाच.

लोक ‘नन’वर का अडकतात? त्याचं कारण अगदीच आळस नाही. आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवतं, हेच बहुतेक कंपन्यांना धड माहीत नसतं. पगाराच्या स्लिपा एका सॉफ्टवेअरमधून जातात, बिलं दुसऱ्या, दिवाळीच्या ऑफर तिसऱ्या, वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म चौथ्याच कुठल्यातरी होस्टिंगवरून. एकदम ‘रिजेक्ट’ केलं तर पगाराच्या स्लिपाच अडकायच्या. म्हणून आधी ‘नन’ लावून रोज येणारे अहवाल वाचायचे, एकेक सेवा दुरुस्त करायची, मग कडक व्हायचं, असा क्रम आहे. वीसेक माणसांच्या ऑफिसला हे काम दोनेक महिन्यांचं आहे, पण ते कुणी तरी अंगावर घ्यावं लागतं. तुमची छोटी कंपनी, पतसंस्था किंवा शाळा असेल आणि स्वतःचं डोमेन असेल, तर ज्याने वेबसाइट करून दिली त्याला एकच प्रश्न विचारा: ‘आपलं डीमार्क रिजेक्टवर आहे का?’ तो अडखळला, तर उत्तर मिळालं. ज्या डोमेनवरून कधीच मेल जात नाही, त्यालाही ‘रिजेक्ट’ लावून टाका. पडीक घरात घुसणं सर्वांत सोपं असतं.

‘पास’ म्हणजे नक्की काय?

समजा सगळं नीट लावलंय. जीमेल कॉम्प्युटरवर उघडलं, मेलच्या उजवीकडचे तीन ठिपके दाबून ‘शो ओरिजिनल’ केलं, आणि तिन्ही तपासण्यांसमोर ‘पास’ लिहून आलं. मग मेल सुरक्षित? नाही. ‘पास’चा अर्थ एवढाच, की ‘फ्रॉम’मध्ये जे डोमेन दिसतंय त्याची परवानगी या मेलला आहे. पाठवणारा प्रामाणिक आहे का, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

सर्वांत सोपी पळवाट नावाची. जीमेलचं फुकट खातं काढायचं, त्याला नाव द्यायचं ‘केवायसी विभाग’ किंवा तुमच्या साहेबांचं पूर्ण नाव. मेल खरंच जीमेलवरून निघतो, त्यामुळे तिन्ही तपासण्या आरामात पास. मोबाइलवर बहुतेक ॲपमध्ये फक्त नाव दिसतं, पत्ता बघायला त्या नावावर टॅप करावं लागतं. ते किती जण करतात? ‘मी मीटिंगमध्ये आहे, तातडीने गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठव’ असे साहेबांच्या नावाचे मेल याच पद्धतीने चालतात.

याच्या दुसऱ्या टोकाला एप्रिल २०२५ मधलं एक प्रकरण आहे. निक जॉन्सन या डेव्हलपरला गूगलच्या ‘नो-रिप्लाय’ पत्त्यावरून मेल आला. तुमच्या खात्यातली माहिती देण्यासाठी आम्हाला कायदेशीर समन्स आलंय, तपशील इथे बघा, असा मजकूर. डीकेआयएमची मोहोर गूगलचीच, आणि खरीच. जीमेलने तो मेल गूगलच्या खऱ्या सुरक्षा सूचनांच्या रांगेतच दाखवला.

हे जमवलं कसं, ते बघण्यासारखं आहे. चोराने स्वतःचं एक गूगल खातं काढलं. मग एक ॲप नोंदवलं आणि त्या ॲपच्या नावाच्या रकान्यात अख्खा फसवा मजकूरच भरला. त्या ॲपला आपल्याच खात्यात प्रवेश दिला. साहजिकच गूगलने त्याला सूचना पाठवली, की अमुक नावाच्या ॲपला तुम्ही प्रवेश दिलाय. त्या ‘अमुक नावा’च्या जागी तो फसवा मजकूर होता, आणि खाली गूगलची मोहोर. चोराने तोच मेल जसाच्या तसा पुढे पाठवला. मजकूर बदललेला नसल्यामुळे मोहोर शाबूत राहिली. लिंक जिथे नेत होती ते पानही गूगलच्याच मोफत साइट बनवायच्या सेवेवर होतं. फरक सापडत होता तो एकाच ठिकाणी: मेलच्या तपशिलात ‘साइन्ड बाय’ गूगल, पण ‘मेल्ड बाय’ समोर भलतंच डोमेन. गूगलने पुढे ही वाट बंद केली. पण मोहोर खरी आणि पत्र खोटं असू शकतं, हे त्या प्रकरणाने स्पष्ट केलं.

पत्ता उजवीकडून वाचा

‘.बँक.इन’चा फायदा इथे कळतो, आणि मर्यादाही. आपण पोस्टाचा पत्ता कसा ठरवतो? घर नंबर, गल्ली, गाव, तालुका, शेवटी जिल्हा आणि पिनकोड. पत्र कुठल्या जिल्ह्यात जाणार हे शेवटच्या ओळीवर ठरतं. डोमेनचंही तसंच असतं, खरी मालकी उजव्या टोकाला असते. डावीकडे कुणीही काहीही जोडू शकतो.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर आठवडाभरातच सरकारी आणि संरक्षण खात्यातल्या लोकांना त्या हल्ल्याशी संबंधित कागदपत्रांच्या नावाने फसव्या फाइल्स जाऊ लागल्या. पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या सेकराइट प्रयोगशाळेने त्याचा छडा लावून सविस्तर अहवाल काढला. त्यातला एक पत्ता असा होता: ‘जेकेपोलिस.गव्ह.इन.काश्मीरअटॅक.एक्स्पोज्ड’. डावीकडून वाचणाऱ्याला जम्मू-काश्मीर पोलीस दिसतात, सरकारी ‘गव्ह.इन’ दिसतं, आणि डोळा तिथेच थांबतो. उजवीकडून वाचणाऱ्याला पहिला शब्द दिसतो ‘एक्स्पोज्ड’, जे डोमेन कुणीही विकत घेऊ शकतो. मालकी त्याची.

बँकांच्या बाबतीत हाच नियम एका ठिपक्यावर येऊन थांबतो. ‘एसबीआय’ आणि ‘बँक’ यांच्या मध्ये ठिपका असेल तर ते रिझर्व्ह बँकेच्या व्यवस्थेतलं डोमेन. त्याच जागी छोटी आडवी रेघ असेल, तर ते साधं ‘.इन’ डोमेन, जे कुणीही नोंदवू शकतो. मोबाइलच्या बारीक अक्षरांत ठिपका आणि रेघ यातला फरक किती दिसतो? माझ्या मते बँकांनी ग्राहकांना ‘आमचा पत्ता बदललाय’ एवढंच सांगून भागणार नाही, हा ठिपक्याचा मुद्दा मोठ्या अक्षरात समजवायला हवा. शिवाय वेबसाइट नव्या पत्त्यावर गेली म्हणून बँकेचे सगळे मेलही त्याच पत्त्यावरून येतील असं गृहीत धरू नका. मेलमधल्या लिंकने बँकेत जाऊच नका. पत्ता स्वतः टाइप करा किंवा बुकमार्क ठेवा, हा जुना सल्ला अजूनही सगळ्यात भरवशाचा आहे.

चोर तुमच्याच खात्यातून लिहितो तेव्हा

व्हायरस आणि पत्त्याची तोतयागिरी यांचं नातं जुनं आहे. २००१-०२ मध्ये ‘क्लेझ’ नावाचा वर्म पसरला होता. तो लागलेल्या कॉम्प्युटरमधले मेल पत्ते गोळा करायचा, त्यातला एक ‘पाठवणारा’ म्हणून लावायचा आणि दुसऱ्याला स्वतःची प्रत पाठवायचा. म्हणजे व्हायरस जोशींच्या मशीनमध्ये, नाव शिंद्यांचं आणि शिव्या शिंद्यांना. ऑफिसांतली अँटिव्हायरस सॉफ्टवेअर तर ‘तुमच्या मेलमध्ये व्हायरस होता’ अशी उत्तरं त्या बिचाऱ्या शिंद्यांना पाठवत बसायची.

नंतर ‘इमोटेट’ने ही कला पुढे नेली. तो लागण झालेल्या कॉम्प्युटरमधले जुने मेल चोरायचा आणि चालू संभाषणालाच उत्तर म्हणून फाइल जोडून पाठवायचा. विषय तोच, आधीचा मजकूर तोच. युरोपोल आणि इतर देशांच्या पोलिसांनी जानेवारी २०२१ मध्ये त्याचे सर्व्हर ताब्यात घेतले, पण पद्धत शिल्लक राहिली.

आता जमाना ‘इन्फोस्टीलर’चा आहे. हे आले तरी कॉम्प्युटर स्लो होत नाही, स्क्रीनवर कवटी येत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी गोळा करायच्या, पाठवून द्यायच्या, काम संपलं. यातल्या कुकी जास्त धोकादायक, कारण तुम्ही ओटीपी टाकून आधीच आत शिरलाय याचा तो पास असतो. चोराने तो आपल्या मशीनवर लावला की त्याला ओटीपी विचारलाच जात नाही. यातल्याच ‘लुमा’वर मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि पोलीस यंत्रणांनी कारवाई केली, तेव्हा १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत ३,९४,००० हून जास्त विंडोज कॉम्प्युटरना त्याची लागण झाल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं.

याचा परिणाम कुठे होतो, ते एका कल्पित उदाहरणावरून बघू. नाशिकजवळचा द्राक्ष निर्यातदार. दोन कंटेनर न्हावाशेव्यावरून रॉटरडॅमला गेलेत, बिलाबद्दल खरेदीदाराशी मेल चालू आहेत. ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर क्रॅक केलेलं कोरलड्रॉ टाकलं होतं, लेबलं छापायला. त्याबरोबर इन्फोस्टीलर आला आणि मेलची कुकी घेऊन गेला. चोर दोन आठवडे नुसता वाचत बसतो. बिलाची वेळ आली की निर्यातदाराच्याच खात्यातून लिहितो: ऑडिटमुळे नेहमीचं खातं बंद आहे, या वेळचे पैसे खालील खात्यात पाठवा. सोबत मेलबॉक्समध्ये एक नियमही लावून ठेवतो, की या खरेदीदाराची उत्तरं इनबॉक्सऐवजी कुणी न बघणाऱ्या फोल्डरमध्ये जावीत. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. का नसणार? मेल खरंच तिथूनच गेलाय. माल गेला, पैसे भलतीकडे, आणि बागाईतदारांची देणी मात्र निर्यातदाराच्या डोक्यावर.

अमेरिकेत एफबीआयकडे २०२४ साली अशा व्यावसायिक मेल फसवणुकीतून २७७ कोटी डॉलरच्या नुकसानीच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. खंडणीच्या रॅन्समवेअरची चर्चा जास्त होते, पण पैसा इथे जातो.

याला तांत्रिक उपाय नाही, व्यवहाराचा आहे. बँक खातं बदलल्याची सूचना मेलवर स्वीकारायचीच नाही. आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. निर्यातदारांनी तर प्रत्येक बिलावर छापून टाकावं: ‘आमचं खातं बदलल्यास आम्ही मेलने कळवत नाही, फोन करून खात्री करा.’ एका ओळीचा खर्च.

घरातला आणि ऑफिसातला कॉम्प्युटर

क्रॅकबद्दल बोललोच आहोत तर स्पष्ट बोलू. लग्नपत्रिका छापणारी दुकानं, झेरॉक्सवाले, कॉलेजची पोरं, सगळीकडे क्रॅक केलेली सॉफ्टवेअर आणि विंडोज ॲक्टिव्हेट करायची टूल्स सर्रास चालतात. त्याबरोबरच्या सूचनांमध्ये पहिली ओळ असते ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’. म्हणजे चोर येण्याआधी कुत्रं बांधून ठेवायची विनंती, आणि आपण ती पाळतो. परवडत नसेल तर इंकस्केप, जिंप, लिब्रेऑफिस ही मोफत सॉफ्टवेअर आहेत. थोडी सवय लागते, पण मेल खातं गमावण्यापेक्षा ते बरं.

मेलमधून येणाऱ्या फाइल्सचं स्वरूपही बदलत गेलंय. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या वर्ड-एक्सेल फाइल्समधले मॅक्रो आपोआप बंद केले, तेव्हा चोर आयएसओ, शॉर्टकट आणि वननोटच्या फाइल्सकडे वळले. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवतं, हे त्यांच्या पथ्यावर पडतं. ४ मे २००० रोजी पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसची फाइल प्रेमपत्राच्या साध्या टेक्स्ट फाइलसारखी दिसायची, शेवटचं ‘.व्हीबीएस’ दिसायचंच नाही. पंचवीस वर्षं झाली, विंडोजची ती सवय अजून तशीच आहे. विंडोज ११ मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो’ आणि मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मग ‘बिल.पीडीएफ.एक्सई’ ही फाइल पीडीएफ नाही हे डोळ्यांनी दिसेल.

२०२४ पासून मात्र फाइलशिवायच काम भागवणारा प्रकार जोरात आहे, त्याला ‘क्लिकफिक्स’ म्हणतात. लिंक उघडली की ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ असं पान येतं, आणि सांगतं: विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. पानाने आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली आज्ञा तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. स्वतः मालकाने दार उघडलं म्हटल्यावर अँटिव्हायरस बऱ्याचदा गप्प बसतो. कुठलीही खरी वेबसाइट हे करायला सांगत नाही. एकही नाही. घरच्या मोठ्यांना एवढी एक गोष्ट जरूर सांगा.

अँटिव्हायरस कुठला, हा प्रश्न हमखास येतो. घरच्या वापराला विंडोजबरोबर येणारा डिफेंडर पुरेसा आहे, असं माझं मत. तो चालू आणि अपडेट असला म्हणजे झालं. एकाच वेळी दोन-दोन टाकू नका. अँटिव्हायरस हेही शेवटी सॉफ्टवेअरच आहे, आणि त्यालाही सगळ्यात वरचे अधिकार असतात. एप्रिल २०२४ मध्ये अवास्टच्या संशोधकांनी दाखवलं, की ई-स्कॅन या भारतीय अँटिव्हायरसचे अपडेट साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपी जोडणीवरून यायचे, आणि हल्लेखोर वाटेतच ते बदलून त्याच रस्त्याने व्हायरस घुसवत होते. ती त्रुटी जुलै २०२३ मध्ये दुरुस्त झाल्याचं कंपनीने कळवलं. संशय असेल तर सर्ट-इनच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर तपासणीची मोफत टूल्स आहेत, ती चालवून बघा.

त्याहून महत्त्वाचं, विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. कॉम्प्युटर चालतोय म्हणून लक्षात येत नाही, पण नवीन भोकं आता बुजवली जात नाहीत. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय जाहीर केली, पण ती आपोआप मिळत नाही. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून नोंदणी करावी लागते. आणि रोजचं काम ॲडमिन खात्यातून करू नका, साधं वेगळं खातं काढा. बॅकअप घेतलेली हार्ड डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवली तर रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करतं, म्हणून काम झालं की काढून कपाटात.

‘अहो, तुमच्याकडून काहीतरी विचित्र मेल आलाय’

असा फोन आला तर आधी ठरवा: कुणी तुमचं नुसतं नाव वापरलंय, की खातंच उघडलंय? ज्याला मेल आला त्याला तो मूळ पत्ता नीट वाचून दाखवायला सांगा. पत्ता वेगळा निघाला तर तोतया बाहेरचा आहे. तुम्ही ओळखीच्यांना सावध करण्यापलीकडे फार काही करू शकत नाही, आणि पासवर्ड बदलून त्यात फरक पडत नाही.

‘बघ, तुझ्याच पत्त्यावरून तुला लिहितोय, तुझा कॅमेरा माझ्या ताब्यात आहे, बिटकॉइन पाठव’ असा धमकीचा मेल याच जातीचा असतो. पाकीट त्याचं, लेटरहेड तुमचं, बाकी काही नाही. त्यात तुमचा एखादा खरा जुना पासवर्ड लिहिलेला असेल, तर तो कुठल्यातरी साइटच्या फुटलेल्या यादीतून आलेला असतो. तो अजून कुठे वापरत असाल तर तिथे बदला, पैसे पाठवू नका, उत्तरही देऊ नका.

पत्ता तुमचाच निघाला, सेंट फोल्डरमध्ये न पाठवलेले मेल दिसले किंवा अनोळखी ठिकाणाहून लॉगिन दिसलं, तर प्रकरण गंभीर. अशा वेळी पासवर्ड त्याच कॉम्प्युटरवरून बदलू नका, नवाही चोरीला जाईल. दुसऱ्या, खात्रीच्या मशीनवरून बदला आणि ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा, म्हणजे चोरलेल्या कुकी निकामी होतात. मग मेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फॉरवर्डिंग, फिल्टर आणि जोडलेली ॲप्स बघा. चोर जाताना तिथे मागचं दार ठेवून जातो आणि नेमकं तेच बघायचं राहून जातं. लागण झालेला कॉम्प्युटर, शक्य असेल तर, महत्त्वाच्या फाइल्स काढून पूर्ण फॉरमॅट करा.

पैसे गेले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी १९३० ला फोन, सोबत आपल्या बँकेला. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार त्यानंतर करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवणं हे तासांचं काम आहे. आणि वरच्या निर्यातदारासारखं असेल, म्हणजे पैसे परदेशातून निघाले असतील, तर पहिला फोन खरेदीदाराला करा. त्याच्याच बँकेला ते पैसे परत मागवता येतात.